कुष्ठ : संज्ञा शास्त्रातील आणि लोकांतील

काही वर्षांपूर्वी मीरा रोड येथील एक गृहिणी, वय चौतीस, आमच्या चिकित्सालयात आल्या. दोन्ही कोपरे, गुडघे आणि कंबर यांवर रूक्ष, जाड, चंदेरी कोंडा सुटणारी मंडले होती. स्वेद अल्प, व्याप्ती मोठी, पापुद्रे माशाच्या खवल्यांसारखे. लक्षणे इतकी स्पष्ट होती की फार विचार करण्याचे कारण उरले नव्हते. निदानाच्या रकान्यात आम्ही ‘एककुष्ठ, वातकफप्रधान’ असे लिहिले, शमन औषधे दिली, पुढे शोधनाचा विचार करू असे सांगितले आणि पंधरा दिवसांनी बोलाविले. त्या आल्या नाहीत. दोन महिन्यांनी आल्या तेव्हा यजमान सोबत होते, आणि तो केसपेपर त्यांच्या खिशात घडी करून ठेवलेला होता.

“डॉक्टर, हिला कुष्ठरोग आहे हे तुम्ही आम्हांला आधी का सांगितले नाही?” हा त्यांचा पहिला प्रश्न. घरात सासऱ्यांनी कागद वाचला होता. बाईंचा पेला, ताट व टॉवेल वेगळे झाले होते. धाकट्या जावेने मुलांना त्यांच्याजवळ झोपू देणे थांबविले होते. औषधे तर पहिल्या आठवड्यातच बंद पडली होती, कारण असल्या रोगाची औषधे घरात नकोत.

आम्ही कपाटातून चरकसंहिता काढली. चिकित्सास्थानाचा सातवा अध्याय उघडून कुष्ठाचे अठरा प्रकार, त्यांत एककुष्ठाचे स्थान, आणि लोक ज्यास कुष्ठरोग म्हणतात त्याच्याशी या बाईंच्या विकाराचा कसा संबंध नाही, हे सविस्तर समजावून सांगितले. गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “पुस्तक तुमच्या कपाटात आहे डॉक्टर, कागद आमच्या घरात आला होता.”

त्या क्षणी आम्हांस राग आला होता, हे येथे मान्य केले पाहिजे. शास्त्रोक्त संज्ञा शास्त्रोक्त अर्थाने लिहिली, यात आमचे काय चुकले? शब्दाचा अर्थ लोकांनी बदलला, त्याचा दोष वैद्याच्या माथी का? पुढे आमच्या भागातील वैद्यांच्या बैठकीत हा प्रसंग सांगितला, तेव्हा कळून आले की असा राग प्रत्येकाच्या पोटात थोडाबहुत आहे. एका ज्येष्ठ वैद्यांचे म्हणणे असे की, संज्ञा सोडणे म्हणजे शास्त्र सोडणे. आपण एक पाऊल मागे घेतले की दहा घ्यावी लागतील. एका तरुण वैद्यभगिनीचे मत नेमके उलट. त्या सरळ ‘सोरायसिस’ लिहितात आणि मोकळ्या होतात. आम्ही त्या वेळी ज्येष्ठांच्या बाजूचे होतो. आज तसे नाही. आणि ते का, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेख लिहीत आहोत.

प्रथम शास्त्राकडे पाहू. ‘कुष्’ धातूपासून साधलेला हा शब्द शरीरास विकृत करणाऱ्या, पोखरून काढणाऱ्या व्याधीचा वाचक आहे. तीन दोष आणि त्वक्, रक्त, मांस, लसीका ही चार दूष्ये, असा सात द्रव्यांचा संग्रह सर्व कुष्ठांत समान. सात महाकुष्ठे, अकरा क्षुद्रकुष्ठे. ही संख्या पहिल्या वर्षापासून आपणा सर्वांस मुखोद्गत आहे, आणि मुखोद्गत असल्यामुळेच तिच्यातील एक गोष्ट नजरेतून निसटते. चरकाचार्य दद्रूस क्षुद्रकुष्ठांत ठेवतात आणि सिध्मास महाकुष्ठांत. सुश्रुताचार्य दद्रूस महाकुष्ठ मानतात आणि सिध्मास क्षुद्र. विचर्चिका चरकांच्या मते बहुस्रावी आहे. सुश्रुतांच्या वर्णनात ती रूक्ष, अतिकंडूयुक्त, रेषा पडलेली आहे. टीकाकारांनी आणि नंतरच्या अध्यापकांनी यावर समन्वयाचे पुष्कळ प्रयत्न केले. ते खोटे आहेत असे नव्हे. परंतु दोन आचार्य एकच शब्द दोन चित्रांसाठी वापरीत होते, ही वस्तुस्थिती त्यामुळे पुसली जात नाही. खुद्द चरकांनी निदानस्थानात कुष्ठ सप्तविध, अष्टादशविध किंवा असंख्येय म्हणता येईल असे सांगून ठेवले आहे. म्हणजे शब्द स्थिर आहे व लोकांनी तो हलविला, हे आपले गृहीतकच पुरते खरे नाही. तो आपल्या घरातही हलत होता.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. लोक ज्यास कुष्ठरोग म्हणतात तो आपल्या कुष्ठाच्या बाहेर आहे काय? मुळीच नाही. सुश्रुतांच्या निदानस्थानातील पाचवा अध्याय पुन्हा एकवार वाचावा. त्वचागत अवस्थेत स्पर्शहानी. पुढे मेदोगत अवस्थेत हाताची बोटे निकामी होणे, गतिक्षय, क्षतांचा प्रसार. अस्थिमज्जागत अवस्थेत नासाभंग, नेत्रांची लाली, स्वरोपघात. एवढेच नव्हे, तर एका व्यक्तीकडून दुसरीकडे संक्रांत होणाऱ्या औपसर्गिक रोगांत ज्वर, शोष व नेत्राभिष्यंद यांच्यासह कुष्ठाची गणना तेथेच केली आहे. १८७३ साली नॉर्वेमध्ये हॅन्सन यांनी जो जंतू पाहिला, त्याने होणाऱ्या व्याधीचे इतके नेमके चित्र जुन्या ग्रंथांत क्वचितच सापडेल. तेव्हा कुष्ठ म्हणजे केवळ त्वचाविकार, आणि कुष्ठरोग म्हणजे काही निराळेच, ही सोयीस्कर विभागणीही टिकत नाही. आपला शब्द मोठी खोली आहे. लोकांचा शब्द त्याच खोलीतील एक कोपरा.

मग या खोलीचे नाव कोपऱ्यास कसे मिळाले? मराठीपुरते बोलावयाचे तर ही कथा फार जुनी नाही, आणि तिच्यात दुष्टपणापेक्षा करुणा अधिक आहे.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या मराठीत या व्याधीस ‘महारोग’ म्हणत. हाही शब्द मूळचा आपलाच. सुश्रुतांनी आठ महागद सांगितले: वातव्याधी, प्रमेह, कुष्ठ, अर्श, भगंदर, अश्मरी, मूढगर्भ आणि उदर. वाग्भटांनी महारोगांच्या आठांत मूढगर्भाऐवजी ग्रहणी घेतली. मूळव्याधीच्या रुग्णास आपण आज ‘तुम्हांला महारोग आहे’ असे सांगितले, तर तो शास्त्रार्थ न ऐकता दार गाठील! आठांमधून सात गळाले आणि एकच उरला. तो उरला, कारण भीती त्याची होती.

या भीतीविरुद्ध ज्यांनी महाराष्ट्रात आयुष्य वेचले त्यांच्या संस्थांची नावे पाहावीत. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ साली काम सुरू केले. अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी तपोवन उभारले, त्या संस्थेचे नाव विदर्भ महारोगी सेवा मंडळ. बाबा आमटे यांनी १९४९ साली स्थापिलेली संस्था महारोगी सेवा समिती, वरोरा, आनंदवन तिचेच. या सर्वांनी ‘महारोगी’ हाच शब्द स्वीकारला, कारण लोकांना समजणारा शब्द तोच होता. परंतु तो शब्द रस्त्यावरची शिवीही होता. म्हणून पुढे शिष्ट मराठीत, आणि विशेषतः शासकीय व्यवहारात, त्याच्या जागी अधिक सौम्य, अधिक शास्त्रीय वाटणारा संस्कृत शब्द आणला गेला. तो ‘कुष्ठ’. १९५५ साली सुरू झालेला केंद्राचा नियंत्रण कार्यक्रम आणि १९८३ पासूनचा राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रम यांनी हा शब्द भिंतींवर, बसस्थानकांवर, शाळांच्या फळ्यांवर नेला. हिंदीत ‘कोढ़ी’ या अपशब्दाची जागा ‘कुष्ठरोगी’ने घेतली, तीही याच भावनेने. मुंबईत वडाळ्यास १८९० साली निराश्रित रुग्णांसाठी सुरू झालेले ॲक्वर्थ रुग्णालयही आज कुष्ठरोग रुग्णालय म्हणूनच ओळखले जाते.

म्हणजे हा शब्द आपल्याकडून कोणी चोरला नाही. रुग्णाचा अपमान होऊ नये म्हणून तो आपल्याकडून उसना नेला, आणि ज्या भीतीवर पांघरूण म्हणून तो घातला, त्या भीतीने तोही मळला. आता ‘कुष्ठरोगी’ म्हणू नये, ‘कुष्ठबाधित’ म्हणावे, असे सांगितले जाते. तेही योग्यच आहे, पण आणखी चाळीस वर्षांनी तो शब्द किती स्वच्छ राहील, याची खात्री आम्ही देणार नाही.

मीरा-भाईंदरमध्ये वैद्यकी करणाऱ्यास याहून एक अधिक अडचण आहे. येथील प्रतीक्षागृहात एका बाकावर आगरी, गुजराती, मारवाडी, उत्तर भारतीय आणि उत्तनचे कोळी बसलेले असतात. मराठीत ‘कोड’ म्हणजे श्वित्र, त्वचेवरचे पांढरे डाग. हिंदीत ‘कोढ़’ म्हणजे कुष्ठरोग. दोन्ही एकाच ‘कुष्ठ’ शब्दाची लेकरे, कानाला जवळजवळ सारखी. आमच्या मदतनीस मुलीने एकदा उत्तर प्रदेशातील एका मातेस, धीर देण्याच्या हेतूने, “घाबरू नका, साधे कोड आहे” असे सांगितले. ती माऊली तेथेच मटकन खाली बसली.

गुजरातीची गंमत आणखी निराळी. गंमत हा शब्द चुकीचा आहे, परंतु राहू द्यावा. गुजरातीत कुष्ठरोगास रूढ शब्द ‘रक्तपित्त’ असा आहे! वैशाखात दहा वर्षांच्या एका मुलाचा घोळणा वारंवार फुटत असे. आम्ही ‘ऊर्ध्वग रक्तपित्त’ लिहून अडुळशाचा योग दिला. मुलाच्या आजोबांना देवनागरी उत्तम वाचता येत होती. त्यांनी कागद वाचला, आमच्याकडे पाहिले, मग नातवाच्या बोटांकडे पाहिले. “नाक में से खून आता है डॉक्टरसाहेब, उसमें ये कहाँ से आया?” एवढेच म्हणाले. ते भाईंदर पश्चिमेतील जुने व्यापारी, संयमी गृहस्थ, म्हणून प्रकरण तेथेच थांबले. रक्तपित्ताची संप्राप्ती, तिचे मार्ग, साध्यासाध्यत्व हे सर्व आम्हांस पाठ होते. दोन गल्ल्यांपलीकडे तोच शब्द काय सांगतो, हे मात्र आम्हांस वीस वर्षे ठाऊक नव्हते. विषमज्वराचेही तेच. आपण त्या शब्दाने पुनःपुन्हा उलटणारा, अनियत वेगाचा ज्वर समजतो आणि सामान्यतः त्याची तुलना मलेरियाशी करतो. मराठी वृत्तपत्र व आरोग्यखाते तोच शब्द टायफॉइडसाठी वापरते. पावसाळ्यात हा घोटाळा केवळ शाब्दिक राहात नाही.

येथपर्यंतचे प्रसंग गैरसमजाचे आहेत, आणि गैरसमज बोलून दूर करता येतो. पुढचा प्रसंग तसा नाही. तो लिहावा की नाही, याचा आम्ही बराच काळ विचार केला.

भाईंदर पूर्वेस स्टीलच्या भांड्यांचे पुष्कळ लहान कारखाने आहेत. तेथे पॉलिशचे काम करणारा एक तरुण उजव्या अग्रबाहूवर फिकट, किंचित तांबूस, कोरडा चट्टा घेऊन आला. कंडू नाही, दाह नाही, स्राव नाही. धुळीत व रसायनांत काम, विरुद्धाशन, जागरण, सर्व हेतू उपस्थित. आम्ही ‘कुष्ठ’ असे लिहिले, पुढे कंसात ‘सिध्म?’ असे प्रश्नचिन्हासह लिहिले, आणि आरोग्यवर्धिनी, गंधक रसायन व बाह्योपचार सुरू केले. महिन्याने चट्टा तसाच. आम्ही काढा बदलला. तिसऱ्या महिन्यात तो आला तेव्हा त्याच हाताच्या करंगळीवर मोठा फोड होता. तापलेल्या भांड्याने भाजले होते. केव्हा भाजले, हे त्यास सांगता येईना. दुखले नव्हते.

तेव्हा आम्ही कापसाची वात घेतली. चट्ट्यावर स्पर्श कळत नव्हता. कोपराच्या आतील बाजूस नाडी चाचपली. ती दोरीसारखी जाड लागली. त्याच दिवशी त्यास शासकीय केंद्राकडे पाठविले. निदान कुष्ठरोगाचे झाले, लोकांच्या अर्थाने. रिफॅम्पिसिन, क्लोफॅझिमिन व डॅप्सोन यांचा बहुविध औषधोपचार, जो शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळतो, त्याने पूर्ण घेतला व तो रोगमुक्त झाला. परंतु त्याची ती करंगळी आजही सरळ होत नाही. त्या तीन महिन्यांचा त्यात किती वाटा, हे कोणी मोजून देऊ शकणार नाही. वाटा नाही असे आम्ही स्वतःस सांगू शकत नाही.

तो जुना केसपेपर आम्ही नंतर काढून पाहिला. त्यावर पहिल्या दिवसापासून ‘कुष्ठ’ हाच शब्द होता. शब्द बरोबर होता. आमच्या मनातला अर्थ चुकला होता. कोणा अशिक्षित शेजाऱ्याने तोच शब्द लोकांच्या अर्थाने उच्चारला असता, तर आम्ही दचकून पहिल्याच दिवशी कापूस हाती घेतला असता. शास्त्राच्या अर्थाने तो इतका व्यापक होता की लिहून झाल्यावर निदान झाल्याचे समाधान मिळाले, आणि स्पर्शहानी हे जे लक्षण सुश्रुतांनी त्वचागत कुष्ठात सांगितले आहे, तेच तपासण्याचे राहून गेले. मीरा रोडच्या बाईंना संकुचित अर्थाने छळले. या तरुणास व्यापक अर्थाने झोपवून ठेवले. दोष एकाच अर्थाचा असता, तर दुसरा धरून बसता आले असते.

म्हणूनच ज्येष्ठांची आणि तरुण वैद्यभगिनीची, दोन्ही मते आम्हांस अपुरी वाटू लागली. केवळ ‘कुष्ठ’ लिहिणे हे शास्त्रनिष्ठाही नव्हे. तो चिकित्सेतील आळस आहे. आचार्यांनी अठरा नावे दिली ती वापरण्यासाठी. दुसरीकडे, केवळ ‘सोरायसिस’ लिहिले तर एककुष्ठ व किटिभ यांतील भेद हरपतो, आणि शोधनाची दिशा ज्या दोषविचारावर ठरते तो विचारच कागदावरून नाहीसा होतो. सहा महिन्यांनी तोच रुग्ण दुसऱ्या वैद्याकडे गेला, तर त्यास आपण काय पाहिले ते कळणार नाही. आमच्या कागदावर आता दोन ओळी असतात. वरची ओळ आमच्यासाठी: विशिष्ट कुष्ठभेद, दोष, दूष्य, अवस्था. खालची ओळ रुग्णासाठी: त्याच्या बोलीतील नाव किंवा प्रचलित आधुनिक नाव, आणि आवश्यक तेथे ‘हा कुष्ठरोग नव्हे, संसर्गजन्य नव्हे’ असे पूर्ण वाक्य. पामेसारखा विकार असेल तर अर्थातच ‘संसर्गजन्य नव्हे’ हे खोडावे लागते, म्हणून या वाक्याचा शिक्का करून घेऊ नये; आम्ही एकदा केला होता, तो मोडला. आणि फिकट वा तांबूस चट्टा कोणताही असो, त्यावर स्पर्शज्ञान तपासून ‘स्पर्श आहे’ किंवा ‘स्पर्श नाही’ एवढे दोन शब्द लिहिल्याखेरीज औषध द्यावयाचे नाही. याला अर्धे मिनिट लागते.

केसपेपरवरील शब्दाचे वजन केवळ घरापुरते नव्हते, याचेही स्मरण असावे. १८९८ चा लेपर्स ॲक्ट २०१६ पर्यंत पुस्तकात होता. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण होते. ते विवाहविषयक इतर काही कायद्यांतूनही एकदमच, २०१९ च्या दुरुस्तीने वगळण्यात आले. म्हणजे आम्ही पदवी घेऊन फलक लावला तेव्हा, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे, वैद्याने सही करून दिलेल्या कागदावरील ‘कुष्ठ’ हा शब्द एखाद्या वकिलाच्या हाती पडणे ही काल्पनिक भीती नव्हती. आम्ही वाद घालीत होतो तो शास्त्रार्थाचा. कागद जाऊ शकत होता न्यायालयात.

आता औषधनिर्मात्यांसाठी थोडेसे. आपल्या फार्मसीतून निघणाऱ्या दशांग लेपाच्या वेष्टनावर घटकद्रव्यांत ‘कुष्ठ’ असे छापलेले असते. ते द्रव्य आहे: बाजारातील कोष्ठ किंवा उपलेट. हे आपणांस ठाऊक आहे, काउंटरवर उभ्या ग्राहकास नाही. एका औषधालयाच्या मालकांनी आम्हांस सांगितले की, एका बाईंनी वेष्टन वाचून ते परत केले. कुष्ठाचे औषध मुलाच्या गालगुंडावर लावावयाचे नाही म्हणाल्या. वनस्पतीचे शास्त्रीय नाव शेजारी असते खरे, परंतु ते कोणी वाचत नाही. ‘कुष्ठ (उपलेट)’ असे छापल्याने शाईचा खर्च वाढत नाही.

माहितीपत्रकाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. खदिरारिष्टाच्या फलश्रुतीत महाकुष्ठ आहे, आरोग्यवर्धिनीचा पाठ कुष्ठाच्या संदर्भातच आला आहे. ग्रंथाचा आधार पक्का. परंतु १९५४ चा जो कायदा आपण सर्व ‘मॅजिक रेमेडीज ॲक्ट’ या नावाने ओळखतो, त्याच्या परिशिष्टात लेप्रसी आणि ल्युकोडर्मा हे दोन्ही रोग आहेत, आणि त्या यादीतील रोग बरे करण्याची जाहिरात करण्यास मनाई आहे. डॉक्टरांना वाटावयाच्या पत्रकात आपण ‘कुष्ठ, श्वित्र यांवर उपयुक्त’ असे भाबडेपणाने छापतो. तेच पत्रक दुकानाच्या काचेवर चिकटले की वाचणारा अधिकारी चरकांच्या अठरा प्रकारांतून ते वाचीत नाही, मराठी किंवा हिंदी शब्दकोशातून वाचतो. त्यास आपण दोष देऊ शकत नाही. त्यानंतर ग्रंथ दाखवून खुलासा करता येईल, पण तो नोटिशीला उत्तर म्हणून. काही फार्मसींनी आता पत्रकांत ‘कुष्ठ’ टाळून विशिष्ट लक्षणे लिहावयास सुरुवात केली आहे: त्वचेची रूक्षता, कंडू, कोंडा सुटणे. हे आम्हांस अधिक प्रामाणिकही वाटते, कारण अठराही कुष्ठांवर एकच गोळी चालते असा दावा कोणी वैद्य मनापासून करणार नाही.

संज्ञांच्या प्रमाणीकरणाने हे सर्व सुटेल, अशी आशा काही सहकाऱ्यांना आहे. २०१७ साली केंद्राने ‘नमस्ते’ हे संज्ञा व संकेतांकांचे पोर्टल सुरू केले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आयुर्वेदाच्या प्रमाण संज्ञांचा संग्रह प्रसिद्ध केला. जानेवारी २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांचा विभाग नवी दिल्ली येथे जाहीर झाला. हे काम मोठे आहे व त्याचा आम्ही रोज उपयोग करतो. दोन वैद्यांनी एकमेकांचा कागद वाचावा यासाठी ते आवश्यकच आहे. परंतु संकेतांकाने शब्दाचा अर्थ संगणकापुरता बांधला जातो. सासऱ्यांच्या हाती पडतो तो छापलेला कागद, आणि संकेतांकाशेजारी शब्द छापलेला असतोच.

जाता जाता एक निराळीच आठवण. सुश्रुतांनी कुष्ठावर तुवरकाचा कल्प सांगितला आहे, तोही मधुमेहाच्या अध्यायात. आणि हा वृक्ष पश्चिम समुद्राच्या किनारपट्टीवर होतो असे म्हटले आहे. आपल्या कोकणात तो कडू कवठ म्हणून ओळखला जातो. विसाव्या शतकात सल्फोन औषधे येईपर्यंत जगभरच्या कुष्ठरोग रुग्णालयांत याच कुळातील चालमुग्र्याचे तेल वापरीत असत. तेथे शास्त्राचा कुष्ठ आणि लोकांचा कुष्ठ काही काळ एकाच बाटलीत होते. आमच्या मिठागरांच्या गावातून गेली कित्येक वर्षे ते झाड शोधण्याचा आमचा बेत आहे. अद्याप सवड झालेली नाही.

मीरा रोडच्या त्या बाईंनी पुढे चिकित्सा पूर्ण केली. वसंतात वमन झाले, मंडले बरीच निवळली. दरवर्षी थंडीत थोडा उपद्रव होतो तेव्हा त्या येतात. यजमानांनी त्या दिवशी जाताना आमच्याकडून नवा कागद मागून घेतला होता, खालच्या ओळीसह, आणि सही व शिक्क्याचा आग्रह धरला होता. तो त्यांनी सासऱ्यांना वाचून दाखविला. पेला व ताट पुन्हा एकत्र झाले. टॉवेलाचे आम्ही विचारले नाही.